त्र्यंबकच्या वाटेवरचा एक थेंब

श्रावणात नाशिकहून त्र्यंबकेश्वरी जाणाऱ्या रस्त्याचे रूपच बदलते. सातपूरची कारखान्यांची वसाहत मागे पडली, महिरावणी ओलांडली, की दोन्ही अंगांना भाताची खाचरे चमकू लागतात. अंजनेरीचा डोंगर कमरेपर्यंत ढगात बुडालेला असतो आणि त्याच्या कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा खाली उतरत असतात. अंतर अवघे 28 ते 30 किलोमीटरांचे. पण या दिवसांत ते घाईने कापू नये, असे मला नेहमी वाटते. या रस्त्यावरून मी लहानपणापासून शेकडो वेळा गेलो असेन. गेल्या श्रावणातील एका शनिवारी मात्र या वाटेने मला माझ्याच व्यवसायातील एक धडा शिकवला, आणि तो धडा देणाऱ्या होत्या माझ्या चौथीच्या वर्गशिक्षिका.

बाईंचे वय आज 74. पंचवटीतील शाळेत त्यांनी मला पाढे आणि शुद्धलेखन शिकवले. आता पंचवटीतच माझा दवाखाना आहे आणि त्या माझ्या रुग्ण आहेत. चाळिशी ओलांडताच त्यांना मधुमेह झाला. त्यांच्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. दिवसातून चार वेळा सुई टोचून घेण्यात त्यांची तीस वर्षे गेली. पुढे रात्री झोपेत साखर एकाएकी घसरू लागली, म्हणून मधुमेहतज्ज्ञांनी दोन वर्षांपूर्वी त्यांना अंगावर बाळगण्याचा इन्सुलिन पंप सुचवला. पुण्याला असणाऱ्या मुलाने तो घेऊन दिला आणि सुनेने त्याच्यासाठी खणाच्या कापडाची एक छोटी पिशवी शिवली. ती पिशवी बाई साडीच्या निऱ्यांशेजारी खोचून ठेवतात. नवख्या माणसाला वाटावे, की आजींनी चंची बाळगली आहे.

ज्या घरांत हे यंत्र नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंप म्हणजे काडेपेटीहून जरा मोठी अशी एक डबी. तिच्यात इन्सुलिनची छोटी कुपी बसवलेली असते. कुपीतून एक बारीक पारदर्शक नळी निघते आणि पोटाच्या कातडीवर चिकटपट्टीने बसवलेल्या एका मऊ नळीला, म्हणजे कॅन्युलाला, जोडली जाते. ही कॅन्युला कातडीखाली काही मिलिमीटरच शिरलेली असते. पंप दिवसरात्र, मिनिटामिनिटाला, अत्यल्प इन्सुलिन सोडत राहतो. जेवणापूर्वी बटण दाबून जास्तीची मात्रा घ्यायची. नळी आणि कॅन्युला दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला दिले गेले. अंगावर वागवण्याचा पहिला पंप अमेरिकेत डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी 1963 च्या सुमारास तयार केला, तेव्हा तो पाठीवरच्या पिशवीएवढा होता. तेथून निऱ्यांशेजारच्या चंचीपर्यंतचा प्रवास साठ वर्षांत झाला. प्रवास मोठा आहे. पण नळी म्हटली की जोड आला, आणि जोड म्हटला की गळतीची शक्यता आली. ती काही सुटलेली नाही.

त्या सकाळी सात वाजता निघताना बाईंची साखर 138 होती. शनिवारचा उपवास म्हणून त्यांनी घरून मोजून अर्धी वाटी भगर आणि थोडी शेंगदाण्याची आमटी खाल्ली होती, आणि तेवढ्याला पुरेशी मात्रा पंपातून घेतली होती. मुलगा गाडी चालवत होता, सूनबाई त्याच्या शेजारी, आणि मागे बाई नि मी. अंजनेरीजवळ पावसाची मोठी सर आली. बाईंनी काच थोडी खाली केली, तोंडावर तुषार घेतले आणि म्हणाल्या, “डॉक्टर, हा वास बाटलीत भरता आला असता तर तुझी निम्मी औषधं बंद झाली असती.”

त्र्यंबकमध्ये गाडी बरीच अलीकडे लावावी लागली. छत्र्या उघडून आम्ही चालत निघालो. वाटेत बेल-फुलांची दुकाने, ओले दगड, घसरती पावले. सूनबाईंनी एकदा बाईंचा हात धरला, एकदा पदर सावरून कमरेला घट्ट खोचून दिला. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात उभारलेले ते काळ्या पाषाणाचे मंदिर पावसात आणखीच काळेभोर दिसत होते. दर्शन झाले, आणि आम्ही कुशावर्तावर जाऊन ओवरीत टेकलो.

कुशावर्ताशी बसले, की बाईंना गोदावरीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर गोदावरी प्रकटते आणि लगेच दिसेनाशी होते. मग डोंगराच्या अंगावर गंगाद्वारी पुन्हा दर्शन देते, पुन्हा लपते. शेवटी गौतम ऋषींनी कुशाच्या, म्हणजे दर्भाच्या, काडीने तिला अडवले आणि ती कुशावर्तात स्थिरावली. येथून निघालेली ही नदी 1,465 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. “पाणी कुठे शिरतं आणि कुठे निघतं, हे डोंगराला विचारून कळत नाही,” बाई म्हणाल्या, “खाली येऊन शोधावं लागतं.” मी मान डोलावली. तासाभरातच हे वाक्य माझ्यावर उलटणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

पावणेअकराला सूनबाईंनी सवयीप्रमाणे ग्लुकोमीटर काढला. साखर 271.

आम्ही तिघांनीही बाईंकडे पाहिले. मुलगा म्हणाला, “आई, भगर जास्त झाली का गं?” सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांची नजर बाईंच्या हातातल्या प्रसादाच्या द्रोणाकडे गेली. आणि मी, 28 वर्षे वैद्यकी केलेला माणूस, हसून म्हणालो, “बाई, प्रसादाचा पेढा गेला वाटतं पोटात?”

“नाही,” बाई म्हणाल्या. एवढेच.

पंपातून साखर उतरवण्यासाठीची जास्तीची मात्रा देऊन आम्ही त्यांच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांच्या वाड्यात गेलो. गुरुजींनी वंशावळीच्या चोपड्या काढल्या; बाईंच्या सासऱ्यांची, आजेसासऱ्यांची नोंद आणि त्यांच्या सह्या दाखवल्या. बाई मात्र नेहमीसारख्या रमल्या नाहीत. दोनदा पाणी मागितले. बारा वाजता पुन्हा तपासले, तर साखर 318.

आता मुलाचा आवाज जरा चढला. “आई, खरं सांग. काय खाल्लंस?”

बाईंनी द्रोण माझ्यापुढे धरला. पेढा जसाच्या तसा होता. “मी खोटं बोलत नाही, हे तू चौथीपासून जाणतोस,” त्या मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. आणि त्या थकव्याने मला जाग आली. मात्रा दिल्यावर सव्वा तासाने साखर उतरायला हवी होती, निदान थांबायला हवी होती. ती तर वाढली होती. मग दिलेले इन्सुलिन गेले कोठे? मी माणसाला विचारत बसलो होतो. नळीला विचारायला हवे होते.

पंपाच्या पडद्यावर सारे आलबेल होते. कोणताही गजर वाजला नव्हता. दिलेली मात्रा ‘पूर्ण’ अशी नोंद होती. गुरुजींच्या पत्नींनी आतली खोली उघडून दिली. सूनबाईंनी बाईंची साडी थोडी सैल केली. कपडे तर पावसाने ओलेच होते, त्यामुळे ओलाव्यावरून काही समजण्याची सोय नव्हती. सूनबाई खाली वाकल्या आणि एकदम म्हणाल्या, “दवाखान्यासारखा वास येतोय.”

तोच वास आमचा वाटाड्या ठरला. इन्सुलिन टिकावे म्हणून त्यात फिनॉल किंवा मेटाक्रेसॉल या जातीची द्रव्ये अल्प प्रमाणात घातलेली असतात. त्यांचा वास जंतुनाशकासारखा, जखमेवर लावण्याच्या तयार पट्टीसारखा येतो. एकदा नीट हुंगून ठेवला की तो विसरत नाही. चिकटपट्टीची एक कड पावसाने सुटली होती. पदर खोचताना नळीला हिसका बसला होता. आणि कॅन्युला कातडीतून जवळजवळ पूर्ण बाहेर येऊन पट्टीखालीच दुमडून बसली होती. पंप इमानाने इन्सुलिन सोडत होता, आणि ते बाईंच्या पोटात जाण्याऐवजी पोटावर पसरत होते.

पुढचे काम सरळ होते. सूनबाईंच्या पिशवीत इन्सुलिनचे पेन आणि सुटी सुई होती. तज्ज्ञांनी आधीच लिहून दिलेल्या हिशोबाने मात्रा पेनाने दिली. लघवीतील कीटोन तपासण्याची पट्टी होती. तिच्यावर किंचितच रंग आला. पंपाची नळी आणि कॅन्युला पूर्ण बदलली, नवी कॅन्युला पोटाच्या दुसऱ्या बाजूला, कोरड्या पुसलेल्या कातडीवर बसवली. बाईंना थोडे थोडे पाणी देत राहिलो. दीड वाजता साखर 290, तीन वाजता 214, आणि संध्याकाळी नाशिकला पोहोचलो तेव्हा 156. परतीच्या वाटेवर मुलगा बराच वेळ गप्प होता. सातपूरच्या अलीकडे तो म्हणाला, “आई, चुकलं माझं.” बाई म्हणाल्या, “डॉक्टरचंही चुकलं. त्याला शंभरदा लिहायला लावते.”

शंभरदा लिहिण्याऐवजी मी हा लेख लिहितो आहे.

सर्वांत आधी एक प्रश्न, जो त्या दिवशी मुलानेही विचारला: एवढे महागडे यंत्र, मग त्याने गजर का दिला नाही? उत्तर समजून घेण्यासारखे आहे. पंप बाहेर ढकलताना लागणारा जोर ओळखतो. नळी चिमटली, कॅन्युला आत दुमडून बंद झाली, तर जोर वाढतो आणि ‘अडथळा’ असा गजर वाजतो. गळतीत नेमके उलटे होते. इन्सुलिनला बाहेर पडायला मोकळी वाट मिळते, जोर वाढत नाही, आणि यंत्राच्या लेखी सारे काही सुरळीत असते. पंपाला ‘मी किती सोडले’ हे कळते. ‘शरीराला किती मिळाले’ हे कळत नाही. काही नवे पंप साखर मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेले असतात आणि साखर वाढली की आपणहून अधिक इन्सुलिन सोडतात. गळती असेल, तर ते अधिक इन्सुलिनही त्याच वाटेने वाया जाते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. आपल्याकडच्या पंपांत सामान्यतः एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट असे इन्सुलिन वापरतात. पाण्याचा एक साधा थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा धरला, तर त्या एका थेंबात 5 युनिट इन्सुलिन मावते. बाईंचा पंप एरवी तासाला अर्धे युनिट सोडतो. म्हणजे एक थेंब गळाला, तर त्यांचे दहा तासांचे मूळ इन्सुलिन गेले! एका थेंबाने साडी भिजत नाही, हाताला ओल लागत नाही. ‘गळती असती तर कपडे ओले झाले असते’ असे म्हणून निश्चिंत राहू नये, ते यासाठी.

तिसरी गोष्ट वेळेची. पंपात फक्त लवकर काम करणारे आणि लवकर संपणारे इन्सुलिन असते. दिवसभर पुरणाऱ्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचा साठा शरीरात नसतो. पुरवठा थांबला, तर काही तासांतच शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात आणि जिवावर बेतू शकते. म्हणून ‘संध्याकाळपर्यंत पाहू’ हे धोरण येथे चालत नाही.

गळती शोधायची कशी? शोध कुपीपासून सुरू करून कातडीपाशी संपवावा, म्हणजे काही सुटत नाही. कुपी काढून तिच्या खोबणीत ओलावा आहे का, कुपीला तडा गेला आहे का, ते पाहावे. कुपी आणि नळीचा जोड नीट फिरवून घट्ट बसला आहे का, ते पाहावे. पहाटेच्या घाईत कुपी बदलली असेल तर येथेच चूक सापडते. नळी प्रकाशात धरून हवेचे बुडबुडे दिसतात का, पाहावे. नळी कोठे दाबली, चावली वा टोचली गेली आहे का, यावरून बोट फिरवावे. घरात मांजर असेल तर विशेष. मग कातडीजवळचा जोड, आणि शेवटी चिकटपट्टी: कड सुटली आहे का, पट्टीखाली ओल, रक्त किंवा फुगीरपणा आहे का. प्रत्येक ठिकाणी पांढरा कोरडा कागदी रुमाल दाबून पाहावा आणि मग तो नाकाशी न्यावा. डोळ्याला न दिसणारी ओल रुमालावर उमटते. रुमालावर न उमटणारी ओल कधी कधी वासाने कळते. ज्या पंपांना नळी नसते, सारे यंत्रच कातडीवर चिकटवलेले असते, त्यांत कॅन्युला सहज दिसत नाही. तेथे पट्टीच्या कडा आणि वास यांवरच अधिक भर द्यावा लागतो.

नळीतून इन्सुलिन पुढे येते का, हे पाहण्यासाठी पंपात नळी भरण्याची सोय असते. ती वापरण्यापूर्वी नळी शरीरापासून सोडवलीच पाहिजे. नळी अंगाला जोडलेली असताना भरण्याचे बटण दाबले, तर नको तेवढे इन्सुलिन एकदम शरीरात जाऊन साखर धोकादायक घसरेल. ही चूक एकदाही होता कामा नये.

आणि शोधूनही गळती सापडली नाही तर? साखर 250 च्या वर आहे, कारण दिसत नाही, पंपातून मात्रा देऊन तास-दीड तास झाला तरी उतार नाही, एवढे पुरेसे आहे. पुरावा हाती येण्याची वाट पाहू नये. पेनाने किंवा सिरिंजने तज्ज्ञांनी ठरवून दिलेली मात्रा द्यावी, नळी-कॅन्युला-कुपी सारे बदलावे, कीटोन तपासावे आणि दर तासा-दोन तासांनी साखर मोजावी. किती इन्सुलिन गळाले आणि किती शरीरात गेले, हे कोणालाच नेमके ठाऊक नसते. म्हणून घाईने मात्रेवर मात्रा चढवू नये. पेनाने दिलेली मात्रा पंपाला ठाऊक नसते, आणि पंपाच्या स्मरणातली मात्रा शरीरात गेलेली नसते. म्हणून पुढचे काही तास पंपाच्या हिशोबावर न विसंबता कागदावर लिहावे आणि डॉक्टरांना फोन करावा. उलट्या, पोटात दुखणे, खोल आणि भराभर श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी, किंवा कीटोनच्या पट्टीवर गडद रंग, यांतील काहीही दिसले तर घरगुती प्रयोग थांबवून थेट रुग्णालय गाठावे; महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक आहे.

पंप आपल्या वाचकांपैकी थोड्यांकडेच असेल. पेन मात्र पुष्कळ घरांत आहे, आणि पेनही गळते. दिंडोरीकडचे एक द्राक्ष-बागायतदार आजोबा बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे येत. साखर काही केल्या उतरेना. मी दीड महिना त्यांना द्राक्षांवरून बोललो, मात्रा दोनदा वाढवली. शेवटी नातू बरोबर आला आणि म्हणाला, “आबा सुई काढतात तेव्हा पोटावरून ओघळ येतो.” आजोबा बटण दाबताच सुई उपसून काढत होते. मी कधी त्यांना माझ्यासमोर इंजेक्शन घ्यायला लावलेच नव्हते. बटण पूर्ण दाबल्यावर मनात सावकाश दहा अंक मोजून मगच सुई काढावी. दर वेळी आधी 2 युनिट हवेत सोडून टोकाशी थेंब येतो का पाहावे. सुई प्रत्येक वेळी नवी घ्यावी आणि पेनावर लावून ठेवू नये, कारण तिच्यातून इन्सुलिन झिरपते आणि हवा आत शिरते. एवढे केल्यावर आजोबांची मात्रा मला कमी करावी लागली. द्राक्षे बिचारी निर्दोष होती.

त्र्यंबकहून परतल्यावर पुढच्या रविवारी ही हकिकत मी एका निवृत्त अभियंत्यांना सांगितली. ते रक्तदाबासाठी माझ्याकडे येतात. सारा जन्म पाटबंधाऱ्यांच्या कामात गेला, आणि काही वर्षे ते दिंडोरी रस्त्यावरच्या ‘मेरी’त, म्हणजे 1959 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत होते. ते म्हणाले, “चला, तुम्हाला एक जागा दाखवतो.” आणि मला गंगापूर धरणाच्या बाजूला घेऊन गेले.

कुशावर्तात भेटलेली गोदावरी नाशिकच्या थोडे अलीकडे या धरणात थांबते. 1965 साली पूर्ण झालेले हे मातीचे धरण जवळजवळ चार किलोमीटर लांब आहे. नाशिककरांच्या घरात येणारे पाणी मुख्यतः येथूनच येते. सुरक्षेमुळे धरणावर जाता येत नाही. आम्ही दूर रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. समोर हिरव्या गवताने मढलेली एक लांबच लांब टेकडी, आणि तिच्यामागे एवढे पाणी आहे यावर विश्वास बसू नये अशी शांतता.

“मातीचं धरण थोडं झिरपतंच,” अभियंते सांगू लागले. “झिरपणं हा दोष नाही, न मोजणं हा दोष. पायथ्याशी चर खणून ते पाणी एकत्र करतात आणि त्रिकोणी खाच असलेल्या एका पत्र्यावरून सोडतात. खाच खाली निमुळती असते, म्हणून अगदी थोडं पाणी वाढलं तरी पातळी लगेच चढलेली दिसते. ती पातळी रोज वहीत लिहायची. बरोबर त्या दिवशीची जलाशयाची पातळी आणि पाऊसही लिहायचा. जलाशय भरला म्हणून झिरप वाढला, तर ते समजतं. पण जलाशय तेवढाच असताना झिरप वाढला, किंवा स्वच्छ पाणी गढूळ झालं, तर माती वाहून चालली आहे. मग रात्र असो की पाऊस, हलायचं. धरण ओरडून सांगत नाही, डॉक्टर. माणसानं रोज चालत जाऊन बघावं लागतं.”

मी परत येताना बाईंच्या घरी गेलो. त्यांनी दोनशे पानी वही आधीच आणून ठेवली होती. शिक्षिकाच त्या, पट्टीने रेघा मारून रकाने पाडले होते: तारीख, कॅन्युला कोठे बसवली, कधी बदलली, सकाळची साखर, काय खाल्ले, पट्टीची कड, वास. शेवटचा रकाना ‘शेरा’. त्यात त्र्यंबकच्या तारखेपुढे लिहिले होते: ‘कॅन्युला निघाली. पेढा खाल्ला नाही.’

अभियंत्यांचे बोलणे मी त्यांना सांगितले. त्यांनी लगेच एक रकाना वाढवला: ‘नेहमीपेक्षा वेगळे काय?’

वहीचे काम सूनबाईंनी वाटून घेतले आहे. याला कारण आहे. वय वाढले की घ्राणशक्ती मंदावते, नजर कमी होते, बोटे थरथरतात. पोटाची कातडी सैल पडल्याने पट्टीची कड दुमडते, आणि घामाने, पावसाने ती सुटते. वास ओळखण्याचे काम तरुण नाकाने करावे. सकाळी आंघोळीनंतर आणि रात्री निजण्यापूर्वी पट्टीकडे एक नजर, बाहेरून आल्यावर एक नजर. याला मिनिटही लागत नाही. कॅन्युला शक्यतो सकाळी बदलावी, रात्री निजताना नव्हे. म्हणजे काही बिघडले तर ते जागेपणी लक्षात येते. बदलल्यावर दोन तासांनी साखर पाहावी. निऱ्या, नाडी, पट्टा जेथे आवळतो ती जागा टाळावी.

प्रवासाला निघताना एक वेगळी पिशवी हाताशी ठेवावी, गाडीच्या डिकीत नव्हे: नळी आणि कॅन्युलाचे दोन संच, इन्सुलिनचे पेन आणि सुया, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, कीटोनच्या पट्ट्या, पंपाची बॅटरी, कागदी रुमाल, साखर उतरली तर लागणारे ग्लुकोज, आणि तज्ज्ञांनी लिहून दिलेला मात्रांचा कागद. नाशिकच्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेले इन्सुलिन तापून निकामी होते. ते न गळताही गळल्यासारखेच वागते, हेही ध्यानात असावे.

हे सारे साहित्य त्या दिवशी सूनबाईंच्या पिशवीत होते, म्हणून आम्ही वाड्यातल्या खोलीत तासाभरात सावरलो. साहित्य होते, ज्ञानही होते. सव्वा तास गेला तो मात्र पेढ्याच्या संशयात. मधुमेही वृद्धांच्या घरी मी हे पुष्कळ पाहिले आहे. साखर वाढली, की सारे घर त्यांच्या ताटाकडे पाहते. ते नाही म्हणतात, आणि कोणी ऐकत नाही. मग एक दिवस ते खरे सांगणेही सोडून देतात. जिभेचे चोचले कधी कारण असतात, नाही असे नाही. पण ते विचारण्यापूर्वी पट्टीची कड पाहावी, रुमाल दाबावा, वास घ्यावा. त्याला मिनिट लागते, आणि कोणाचा अपमान होत नाही.

या श्रावणात बाई पुन्हा त्र्यंबकला जाणार आहेत. मलाही बोलावले आहे. पट्टीवर वरून लावायची जास्तीची चिकटपट्टी सूनबाईंनी आणून ठेवली आहे. बाईंनी मला फोनवर एवढेच बजावले, “या वेळी पेढा मी खरोखर खाणार आहे. अर्धा. मात्रा मोजून. वहीत लिहून.”